अस्तर उसवू नकोस

बॉक्सटेल, ८ सप्टेंबर २०२५

बाबा,

फोनवर तुम्ही "हॅलो, जरा मोठ्यानं" एवढंच म्हणता आणि मी इकडे कोकलते. तुमचे कान पन्नास वर्षांच्या मशीनच्या खडखडाटानं गेले, माझा गळा असा जाईल. तेव्हा तुमचंच खरं. कागदावर लिहायचं, फोटो काढायचा, पाठवून द्यायचा. तुम्हीही तसंच करा. आपल्या शेंडेफळ स्वप्निलला लिहायला बसवू नका, तो 'ळ' विसरलाय.

तर घर मिळालं! आइंडहोवनमध्ये सहा महिने शोधून पायाचे तुकडे पडले होते. इथे घर मिळणं म्हणजे लॉटरी, आणि पक्का पत्ता नसला की गेमेंटे, म्हणजे ह्या डच लोकांची नगरपालिका, तुम्हाला माणूसच समजत नाही. हे गाव ऑफिसपासून ट्रेननं वीस मिनिटं. घरमालक मेनेर टून, वय शहाऐंशी, एकटेच. खाली ते, वर मी. मेनेर म्हणजे आपलं 'साहेब'. मी नुसतं 'टून आजोबा' म्हणते आणि त्यांना ते आवडतं.

आता गंमत ऐका. खालची अख्खी पुढची खोली म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लष्कराच्या गणवेशांचं प्रदर्शन! काचेच्या कपाटांत अकरा कोट, टोप्या, पट्टे, आणि मखमलीवर ओळीनं पदकं. पहिल्या दिवशी मी दचकलेच. कोटावर तो गरुड, त्याच्या पायात ते चिन्ह. पण आजोबा तसले नाहीत. कुणी बघायला आलं की ते त्या गरुडावर पांढऱ्या कापडाची पट्टी टाचतात. म्हणतात, कोट बघा, ह्याला बघायला येऊ नका.

माझ्या हातून एक घोळ झाला. त्यांच्या मदतीला म्हणून काळं पडलेलं एक पदक मी चिंच-मीठ लावून लखलखीत केलं. देवाची भांडी घासतो तसं. आजोबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तो काळेपणा ऐंशी वर्षांचा होता म्हणे, तीच त्याची किंमत. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला सुती हातमोजे दिले आणि म्हणाले, टेलरची मुलगी आहेस ना, मग कोट तू सांभाळ.

सगळ्यात लाडका मधला कोट. त्याचे फोटो जोडलेत. काज बघा बाबा, हाताचे आहेत, किती सुरेख! बाकीच्या कोटांचे काज मला डावखुरीला नेहमीसारखे उलटे वाटले, ह्याचे मात्र चटकन सुलटे वाटले. तुमच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. आजीला दाखवा.

तेजू


खडकी, ९ सप्टेंबर

चि. तेजूस,

पत्र मिळालं. फोटो पाहिले. आजीला दाखवले नाहीत, तिचा मोतीबिंदू वाढलाय.

घर मिळालं ते बरं झालं. पण त्या कोटांना तू हात लावायचा नाहीस. पितृपंधरवडा चालू आहे. मेलेल्या माणसांचे कपडे, तेही लढाईतल्या, कुणाच्या शिव्याशाप असतील त्यात. आपल्या घरात असली वस्तू कधी आली नाही. म्हाताऱ्याला गोड बोलून सांग की मला ऑफिसचं काम आहे.

आणि फोटोत मला त्या मधल्या कोटाचं अस्तर खाली सुटलेलं दिसलं. ते तू शिवायला घेऊ नकोस. कुणालाही उसवू देऊ नकोस. जुनं अस्तर एकदा उसवलं की कापड हातात येतं, मग म्हातारा तुझ्या नावानं खडे फोडेल. आहे तसं राहू दे. अस्तर उसवू नकोस, हे दोनदा लिहितोय.

कोट त्यानं कुणाकडून घेतला, कधी घेतला, सहज विचारून कळव. मुद्दाम विचारू नकोस.

जेवतेस ना वेळेवर?

बाबा


बॉक्सटेल, १५ सप्टेंबर

बाबा,

तुम्ही आणि पितृपंधरवडा! ज्यांनी आपल्या आजोबांच्या श्राद्धाच्या दिवशी कर्नलसाहेबाची पँट द्यायची म्हणून भटजींना तासभर ताटकळत ठेवलं, ते आता मला शिव्याशाप सांगणार? हसले मी.

पण टून आजोबांची गोष्ट ऐकलीत तर तुम्हीही त्या कोटाला नमस्कार कराल. १९४४ च्या सप्टेंबरात जर्मन सैनिक ह्याच गावात उतरले होते. टून आजोबा तेव्हा पाच वर्षांचे. त्यांना घटसर्प झाला. गावात डॉक्टर नाही, औषध नाही. त्या सैनिकांत एक वैद्यकीय मदतनीस होता, अर्न्स्ट होल्त्झ नावाचा, विशीतला पोरगा. तो तीन दिवस उशाशी बसला. लष्कराचं औषध कोटाच्या खिशात लपवून आणून ह्यांना दिलं. ऑक्टोबरात जर्मन पळाले, तो गेला, पुढे त्याचं काय झालं कुणालाच ठाऊक नाही. लढाई संपल्यावर गाव ह्यांच्या आईला नको नको ते बोलायला लागलं. जर्मन सैनिक तीन दिवस तुझ्या घरात काय करत होता, म्हणून. बाई शेवटपर्यंत सांगत राहिली, माझ्या पोरासाठी आला होता. कुणी विश्वास ठेवला नाही. आजोबांनी जन्मभर ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. आणि चौदा वर्षांपूर्वी रूल नावाचा एक व्यापारी हा कोट घेऊन दारात उभा राहिला. आत चिंधीवर शाईनं नाव: अर्न्स्ट होल्त्झ. मदतनिसाच्या खुणेसकट! बाकीचे दहा कोट म्हणजे ह्या एकाला सोबत.

आता गावात ऑक्टोबरात मोठं प्रदर्शन आहे, गाव जर्मनांपासून मोकळं झालं त्याची आठवण म्हणून. त्यात हा कोट मध्यभागी ठेवणार, बाजूला आईचा फोटो. त्याआधी दहा तारखेला संग्रहालयाच्या एक बाई येऊन कोट आतून-बाहेरून तपासणार. आजोबा तर लग्नघर असल्यासारखे घरभर फिरतायत.

तो रूल काल कॉफीला आला होता. प्रदर्शनाचं ऐकून त्याचा चेहरा पडला. कोट नाजूक आहे, देऊ नका, असं दहा वेळा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, तू कुठली? मी म्हटलं, पुण्याची, खडकीची, माझे वडील लष्करी टेलर आहेत. त्यानं कप खाली ठेवला आणि नंतर बराच वेळ माझ्याकडेच बघत होता. विचित्र माणूस.

तुम्ही कशाला एवढे घाबरता? कर नाही त्याला डर कशाला?

तेजू


खडकी, १७ सप्टेंबर

तेजू,

तू त्या माणसाला खडकीचं नाव का सांगितलंस? कुणी विचारलं की सगळं घडाघडा ओकायचं ही तुझी लहानपणापासूनची खोड.

तुझ्यासाठी मी जागा बघितली आहे. आपल्या विशाखाचा दीर टिलबर्गला असतो, त्याच्याकडे एक खोली आहे. ह्या शनिवारी सामान हलव. म्हाताऱ्याला सांग, वडील आजारी आहेत, खर्च परवडत नाही, काहीही सांग. वाद घालू नकोस. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही.

माझी तब्येत ठीक आहे. झोप जरा कमी झालीय. काल दुकान दुपारीच बंद केलं.

रूल पुन्हा आला तर त्याच्यासमोर जाऊ नकोस. दाराला आतून कडी लाव.

बाबा


बॉक्सटेल, २६ सप्टेंबर

बाबा,

नऊ दिवस उत्तर दिलं नाही कारण रागावले होते. विशाखाताईच्या दिराशी बोलले. त्याच्याकडे खोली वगैरे काही नाही, हॉलमधला सोफा आहे, आणि सोफ्यावर गेमेंटे पत्ता नोंदवत नाही. तुम्ही मला खोटं सांगितलंत. तुम्ही! मापात अर्धा इंच चुकलं तर गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगणारे.

आज राग नाहीये. आज मला भीती वाटतेय.

काल आजोबा हाउसआर्त्सकडे, म्हणजे त्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. मी घरून काम करत होते. खाली पावलं वाजली. मला वाटलं आजोबा लवकर आले. उतरून बघते तर रूल. त्याच्याकडे घराची किल्ली आहे! मधल्या कपाटाची काच उघडी आणि तो कोटाचं अस्तर बोटांनी चाचपत होता. मला बघून दचकलासुद्धा नाही. इंग्रजीत म्हणाला, "धनराज टेलर, खडकी बाजार. बरोबर ना?"

बाबा, मी त्याला तुमचं नाव सांगितलं नव्हतं.

मग म्हणाला, तुझ्या वडिलांच्या हातात सोनं आहे, त्यांना माझा निरोप सांग. आणि हेही सांग की संग्रहालयाची बाई अस्तर उघडणार आहे. बुधवारी, आठ तारखेला, आजोबा बहिणीकडे जातात. तेव्हा कोट पिशवीत घालून मागच्या शेडमध्ये ठेव. चोरी झाली असं दिसेल, कुणाचंच वाईट होणार नाही. नाहीतर एका परदेशी मुलीचं नाव पोलिसांच्या कागदावर चढतं, मग ती निर्दोष असली तरी इमिग्रेशनवाले व्हिसाच्या वेळी दहा प्रश्न विचारतात. हे सगळं अगदी गोड आवाजात. जाताना मला म्हणाला, तुझेही हात दाखव. मी दाखवले नाहीत.

आजोबांना मी अजून काही सांगितलं नाही. काय सांगू? मलाच काही कळत नाहीये. त्यांनी संध्याकाळी माझ्यासाठी वाटाण्याचं सूप केलं आणि मी ते तसंच ठेवून वर आले. तेव्हापासून जिन्यावर काही वाजलं की मी उठून दाराची कडी बघून येते.

बाबा, तो माणूस तुम्हाला कसा ओळखतो? खरं सांगा. मी काय केलंय, तुम्ही काय केलंय?

तेजू


खडकी, १ ऑक्टोबर, खंडेनवमी

चि. तेजू,

आज खंडेनवमी. सकाळी मशीन पुसली, कात्री, पट्टी, इस्त्री पाटावर मांडली, झेंडूची फुलं वाहिली. पण हात जोडवेनात. आजी म्हणाली, "धन्या, काय झालं रे?" मी म्हटलं, धूर डोळ्यात गेला. उदबत्ती लावलीच नव्हती.

तो कोट मी शिवला आहे.

आता सरळ सांगतो, मध्ये थांबलो तर लिहिणं होणार नाही. २०१० साल. लष्करातले साहेब लोक तयार कपडे घ्यायला लागले होते, दुकानात माश्या मारत होतो. श्यामकांत म्हणून एक माल बाहेर पाठवणारा आला. म्हणाला, परदेशात नाटकासाठी जर्मन कोट हवेत, हुबेहूब. एक जुना अस्सल कोट नमुन्याला दिला. पॉलिस्टरचा धागा चालणार नाही, पायमशीनवरच शिवा, काज हाताचे करा. पैशासाठी केलं नाही असं म्हणणार नाही. पण खरं सांगू? इतकं बारीक काम माझ्याकडे त्याआधी कुणी मागितलंच नव्हतं. मला चढली, तेजू. दारू चढावी तशी. मी तो जुना कोट उसवून टाक्याला टाका जुळवला. गरुडाचे बिल्ले त्यांनी वेगळे दिले होते. आजी म्हणाली, हे स्वस्तिक कुणी वाकडं काढलंय? मी हसून सोडून दिलं.

शेवटी त्यानं एक चिठ्ठी दिली. एका कोटात चिंधीवर हे नाव लिहा, मग कोपरं दगडानं घासा, चहाच्या पाण्यात बुडवा. तेव्हा मला कळलं. नाटकात आतल्या चिंधीवरचं नाव कोण वाचतंय? मला कळलं आणि तरी मी लिहिलं. अक्षरं येत नव्हती, चित्र काढावं तसं काढली. ते होल्त्झ की कोण, त्याचं नाव माझ्या हातचं आहे.

आणि काज तुझे आहेत. मे महिन्याची सुट्टी होती, तू चौदा वर्षांची. काजवाला गावी गेला होता. तू म्हणालीस, मी करते बाबा. बिल्ले नसलेला नुसता पुढचा भाग तुला दिला होता. डाव्या हातानं केलेस, म्हणून गाठ उलट्या बाजूला बसली. तू पाठवलेले फोटो आले आणि माझी पाचावर धारण बसली. मी मरेन तेव्हाही ते काज ओळखीन.

अस्तराखालच्या ताठ कॅनव्हासवर काय आहे तेही ऐक. आपल्या दुकानात प्रत्येक कपड्याच्या आत मी पेन्सिलीनं माप लिहितो, कुणी काय केलं तेही लिहितो. सवय. त्या कोटातही लिहिलंय. पुसायचं डोक्यातच आलं नाही. अस्सल कोटाची नक्कल करताना मी माझी सवय विसरलो नाही, एवढीच माझी अक्कल.

सोळा तारखेला श्यामकांत दुकानात आला होता, त्याचा तिकडचा माणूस म्हणजे हाच रूल. म्हणाला, पोरगी तिकडे आहे, तिला जपून राहायला सांगा. मला अटक झाली तर होऊ दे, म्हातारा झालोय. पण तू? एवढी शिकलीस, एवढ्या लांब गेलीस, आणि माझ्या टाक्यात तुझा पाय अडकला.

म्हणून हात जोडून सांगतो, तो म्हणतोय तसं कर. बुधवारी कोट शेडमध्ये ठेव. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हातारा चार दिवस रडेल, पण त्याचा अर्न्स्ट त्याच्यापाशी राहील. उघडं पडलं तर तोही जाईल.

तुला माझी लाज वाटत असेल. वाटते का, ते लिही.

बाबा


बॉक्सटेल, ५ ऑक्टोबर, रविवार

बाबा,

तुमचं पत्र मी सायकल स्टँडवर उभं राहून वाचलं. मग सायकल तिथेच विसरून चालत घरी आले.

ठेवणार होते मी कोट शेडमध्ये. खोटं कशाला बोलू, पिशवीही काढून ठेवली होती. पण आज सकाळी आजोबांनी मला खाली हाक मारली. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर कोट, शेजारी सुई-दोरा आणि माझे हातमोजे. म्हणाले, बाई येण्याआधी एवढं सुटलेलं अस्तर नीट करून दे, ते बघून तिला वाटेल मी कोटाची हेळसांड केली. मी म्हटलं, नको, जुनं आहे, फाटेल. ते म्हणाले, मग मीच करतो. आणि बाबा, त्यांनी कात्री घेतली, दोन टाके कापले आणि आत डोकावले.

"इथे काहीतरी लिहिलंय!"

मी वाकून बघितलं. छा. ३८. काज – तेजू – ९.

तुमचं अक्षर. 'जू' ला तुम्ही देता ती लांबलचक शेपटी. फिकट पडलंय, पेन्सिल घासली गेलीय, पण मला घरी आल्यासारखं दिसलं. आणि समोर आजोबा खुर्चीचा हात धरून उभे. त्यांना ती लघुलिपी वाटली. दवाखान्यातले सैनिक घाईत तसलं लिहायचे म्हणे. मला म्हणाले, तू किती भाषा जाणतेस, तुला वाचता येतं का?

माझं नाव होतं ते, बाबा. तुमच्या हातचं. आणि मी म्हटलं, "नाही. मला वाचता येत नाही."

ते खुर्चीत बसले आणि रडायला लागले. आईला निरोप असेल, म्हणाले. तिच्यासाठी लिहून गेला असेल तो, सांगून गेला असेल की का आला होता. त्यांनी लगेच बहिणीला फोन लावला. ती ब्याऐंशीची, तीही फोनवर रडत होती. आता ते संग्रहालयाच्या बाईंना सांगणार आहेत की लघुलिपी वाचणारा माणूस घेऊन या. वर्तमानपत्रालाही कळवू म्हणतात.

मी एक खोटं बोलले आणि दुपारपर्यंत त्याचं हे झालं. तुम्ही लिहिलंत, अर्न्स्ट त्यांच्यापाशी राहील. तो कसा राहील, बाबा? त्या पेन्सिलीच्या ओळीत ते आता आपल्या आईचं निर्दोषपण वाचणार आहेत, आणि तिथे माझ्या नऊ काजांचा हिशोब आहे.

मला रूलची भीती वाटते, पोलिसांची वाटते, हे घर सुटेल त्याची वाटते. पण सकाळपासून सगळ्यात जास्त भीती मला त्यांच्यासमोर जेवायला बसायची वाटतेय. काय करू? ह्या वेळी तुम्ही सांगाल तेच करीन. म्हणून नीट विचार करून सांगा.

तेजू


खडकी, ६ ऑक्टोबर

तेजू,

विचार केला. खालचं त्या गृहस्थांना वाचून दाखव. बुधवारच्या आधी. जसं आहे तसं, माझ्यासाठी मऊ करू नकोस.

"मेनेर टून साहेब, मी धनराज, तेजलचा बाप, पुण्याजवळ खडकीत टेलर. तुमच्या मधल्या कोटाचं कापड कापण्यापासून सगळं काम मी केलं. आतलं नाव मी लिहिलं. अस्तराखाली मराठीत छातीचं माप आहे आणि माझ्या मुलीनं नऊ काज केले एवढंच आहे. कुणाचा निरोप नाही. ती तेव्हा चौदा वर्षांची होती, तिला वाटलं कपडे नाटकाचे आहेत. मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो. हे कुणीतरी अस्सल म्हणून विकत घेईल, एवढंच मला वाटलं होतं. कुणाची आई त्यात असेल असं वाटलं नव्हतं. तुमच्या आईवर तुमचा विश्वास आहे, त्याला कोटाची गरज नाही असं मी म्हणू शकलो असतो, पण ते म्हणायचा अधिकार माझा नाही. श्यामकांत आणि रूल ह्यांनी काम दिलं. विचाराल तिथे मी सांगीन. माफी मागतो. धनराज पोरे."

श्यामकांतला मी आज काही बोललो नाही. तो उद्या येणार आहे. अक्षर वाकडं आलंय, समजून घे.

बाबा


अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट, ११ ऑक्टोबर

बाबा,

वाचलं. मंगळवारी, त्याच टेबलावर. मराठीतून एक-एक वाक्य आणि मग इंग्रजीतून. मध्ये एकदा मी पाणी प्यायले आणि पुन्हा वाचलं. एक शब्द मऊ केला नाही.

आजोबा कोटाकडे बघत राहिले. मग मला विचारलं, "मग त्याचा कोट कुठंय?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. तिसऱ्यांदा मी नुसतीच मान हलवली. मग त्यांनी कोटाची घडी घातली, बाहीला बाही जुळवून, आपण घालतो तशी, आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

बुधवारी ते बहिणीकडे गेले नाहीत. रूल आला तेव्हा त्यांनी दार अर्धंच उघडलं आणि त्याच्याकडून किल्ली मागून घेतली. तो डचमध्ये काहीतरी मोठ्यानं बोलत होता, मी जिन्यावर बसून होते. पण आजोबा तसूभर सरकले नाहीत. तो गेल्यावर त्यांनी स्वतः पोलिसांना फोन केला. संग्रहालयाच्या बाई शुक्रवारी आल्या, कोट उघडून बघितला आणि म्हणाल्या, ह्या ओळी दिसल्या नसत्या तर मी अस्सल म्हणून सही केली असती. मी हे तुम्हाला सांगू नये असं मला वाटत होतं, पण सांगतेय. प्रदर्शनात आता आईचा फोटो एकटाच लागणार आहे.

आणि त्यांनी मला जायला सांगितलं. रागावून नाही. म्हणाले, तू चांगली मुलगी आहेस, पण वर तुझी पावलं वाजली की मला ते ऐकवत नाही. मी काल बॅग भरली. दारात त्यांनी माझा हात हातात घेतला, डावा, आणि थोडा वेळ धरून ठेवला. मी आसावरीकडे आहे, कॉलेजातली मैत्रीण, तिच्या फ्लॅटवर महिनाभर राहता येईल. पत्त्याचं काय करायचं ते सोमवारी बघीन. व्हिसाचं काय होईल ते वकील बघेल. रात्री दार तीनदा तपासते, पण झोपते.

लाज वाटते का, विचारलं होतंत. वाटली. खंडेनवमीचं पत्र वाचलं तेव्हा खूप वाटली, तुमच्या नावाचा फोन आला तर उचलायचा नाही असं ठरवलं होतं. दुसरं पत्र मी त्यांना वाचून दाखवताना, 'मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो' हे वाक्य आलं, तेव्हा माझे बाबा आहेत हे, असं मला वाटलं. दोन्ही खरं आहे. दोन्ही तसंच राहणार असं दिसतंय.

आता महत्त्वाचं. इथल्या पोलिसांनी तुमचं पूर्ण नाव आणि पत्ता मागितलाय. ते पुण्याच्या पोलिसांना कळवणार. मी म्हटलं, वडिलांना विचारून सांगते. त्यांनी सोमवारपर्यंत वेळ दिलाय. श्यामकांत काय म्हणाला ते तुम्ही लिहिलंच नाही, त्याचीही मला धास्ती आहे. बाबा, देऊ का पत्ता?

तेजू


खडकी, ११ ऑक्टोबर

तेजू,

दे. श्यामकांत आला होता, त्यालाही सांगितलं की मी खरं तेच सांगणार. दुकान सकाळी दहाला उघडतं म्हणून सांग.

बाबा